बनुबाईच्या नावाचा टोप

मी टोप बोलतोय. पितळेचा नव्हे, तांब्याचा तर नव्हेच, जर्मनचा. आमच्या धातूला शहरात ॲल्युमिनियम म्हणतात, पण आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या या वाडीत मी जर्मनचाच टोप. आणि हल्ली तो शब्द उच्चारताना बायका तोंड वाकडं करतात. का, ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

महाराष्ट्र झाला त्या साली सहदेवनं मला मुंबईच्या बाजारात घेतलं. सहदेव गोदीत कामाला. गणपतीला घरी जायचं, आईला काहीतरी न्यायचं, म्हणून पठ्ठ्यानं दुकानातली निम्मी भांडी टिचक्या मारून पाहिली आणि मला उचललं. काठावर आईचं नाव घालून घेतलं. टोच्याचे घाव बसताना दुखलं, पण खोटं कशाला बोलू, ऐटही वाटली.

बनुबाईला अक्षरओळख नव्हती. तरी तिनं माझ्या काठावरून बोट फिरवलं आणि शेजारणींना हाका मारल्या.

"या गो, बघा! माज्या नावाचा टोप हाय ह्यो!"

तेव्हापासून भात माझ्यात, पेज माझ्यात, कुळथाचं कळण माझ्यात. लवकर तापतो, लाकडं कमी लागतात, म्हणून बनुबाई माझं कौतुक करायची. कामाला वाघ होती ती बाई. बोलायचीही भरपूर. चुलीशी बसून एकटीच बोलत असली तरी मला वाटायचं, माझ्याशीच बोलतेय.

चुलीवरून माणसांच्या सवयी नीट दिसतात. आमच्याकडे पोलादपूरच्या बाजारातून तंबाखू आली की तव्यावर भाजायची, काळी पडली की चुरायची आणि डबीत भरून कोनाड्यात ठेवायची. हीच मशेरी. भाजताना असा ठसका उठायचा की मांजरसुद्धा घराबाहेर पळायचं. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, भातलावणीहून आल्यावर वाडीच्या बायका मागीलदारी जमायच्या, बोटानं हिरड्यांना मशेरी लावायच्या, गालात धरायच्या आणि घटकाभर बोलायच्या. दिवसभरात तेवढाच त्यांचा विसावा. म्हणून मला त्याचा कधी राग आला नाही.

सहदेवची बायको मैना नवी नवरी होऊन आली, तेव्हा बनुबाईनं प्रेमानं तिच्यापुढे डबी धरली.

"लाव गो. दात बळकट ऱ्हातात. आन् भूक बी मरते."

पुढे एकदा बनुबाईच्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा उठला. मग तो चिघळला. मिरची झोंबू लागली, भाकरी टोचू लागली. अशा वेळी तिनं काय केलं असेल? मशेरी वाढवली. मशेरी लावली की जागा बधिर व्हायची, ठणका थांबायचा. दुखलं की लाव, असं चाललं. घरातल्यांनाही बरं वाटायचं, म्हातारीला आराम पडतोय म्हणून.

शेवटी गोमाजीला बोलावलं. हा वाडीचा औषधपाला देणारा. त्यानं तोंडात बघितलं आणि खाणं तोडायला सुरुवात केली. वांगं बंद. सुकट बंद. मग अंडं, मग कुळीथ, मग वरणसुद्धा. तरी गाल काही बरा होईना. तेव्हा त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि त्याची नजर माझ्यावर आली.

"ह्यो जर्मन कधीपास्नं हाय घरात? ह्याचा कस अन्नात उतरतो. त्योच बाधला."

सहदेव तेव्हा रजेवर आला होता. मुंबईला त्याच्या खोलीतही कोणी असंच म्हणालं होतं, की जर्मनमध्ये रांधलं की क्यान्सर होतो. त्यानं मला चुलीवरून उचललं.

"आये, मीच तुला इख आणून दिलं गो!" असं म्हणून त्यानं मला अंगणात भिरकावलं.

मला पोचा आला. त्याचं काही नाही. पण ते पोर रडत होतं, आणि मला सांगता येत नव्हतं की बाबा, मी नाही रे.

माझी रवानगी गोठ्यात झाली. कोंबड्यांना पाणी ठेवायला मी. भिंतीपलीकडून वास यायचे. वांग्याचा येईना, सुकटीचा येईना. तंबाखू भाजल्याचा मात्र दर बाजारानंतर यायचा. बनुबाई नुसत्या पेजेवर राहिली आणि वाळून काडी झाली.

मैनानं हट्ट धरून तिला महाडला डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर म्हशीची धार काढताना तिनं रजा वाढवून राहिलेल्या सहदेवला सगळं सांगितलं.

"भांड्यानं काय व्हत नाय बोलले. वांग्यानं, सुकटीनं बी ह्यो रोग झाला नाय. उलट रागावले, म्हातारीचं खाणं का तोडलंत, अंगात ताकद कुठनं येनार? मग इचारलं, मशेरी कुठं धरून ठेवता? आत्यांनी गालाकडं बोट दावलं. डॉक्टर बोलले, तीच जागा कुजलीय. बाईला आत्ताच्या आत्ता मुंबईला न्या."

"मशेरीनं?" सहदेव म्हणाला. "अख्खा गाव लावतो. माजी आजी जल्मभर लावत व्हती, म्हातारी होऊन मेली."

"त्यांनी माज्या काळ्या बोटाकडं पन बघितलं," मैना हळूच म्हणाली.

आणि एवढं बोलून तिनं कमरेची डबी काढली, चिमूटभर मशेरी घेतली आणि लावली. मला फार वाईट वाटलं. पोरीला सगळं कळलं होतं आणि सुटत नव्हतं.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सांगितलं, उशीर झाला. सहदेवनं आईला परत आणलं. आता बनुबाईला बोलता येत नव्हतं. एवढी बोलकी बाई, नुसती डोळ्यांनी बघायची.

एके सकाळी मैना मागीलदारी बसली होती. मला गोठ्यातून ती जागा दिसायची. बोट काळं करून तिनं तोंडाशी नेलं, इतक्यात बनुबाई भिंत धरत धरत बाहेर आली. तिनं मैनाचा हात पकडला. आपल्या पदरानं ते बोट पुसलं. पुन्हा पुसलं. बोट लाल झालं तरी पुसतच राहिली.

"आत्या, नाय लावत. सोडा. नाय लावत गो मी!" मैना रडायला लागली.

मग बनुबाईनं गोठ्याकडे हात केला. माझ्याकडे.

"त्यो टोप? त्येच्यात रांधू?"

बनुबाईनं होकाराची मान डोलावली.

मैनानं मला राखेनं घासलं आणि माझ्यात पेज केली. बनुबाईच्या घशाखाली जेमतेम दोन पळ्या उतरल्या. मग तिनं माझा काठ चाचपला, पहिल्या दिवशी चाचपला होता तसाच, आणि नाव सापडलं तेव्हा बोट तिथंच ठेवून बसली. त्याच महिन्यात ती गेली.

आता मी पुन्हा चुलीवर आहे. शेजारणी येतात, मला बघून मैनाला म्हणतात, "ह्या जर्मनमदी का रांधतेस गो? म्हातारी त्यानंच गेली नाय?" मैना सांगते, डॉक्टर काय बोलले ते. त्या ऐकून घेतात आणि मागीलदारी जाऊन डबी उघडतात.

बायांनो, मला हवं तर पुन्हा कोंबड्यांकडे टाका, मी राहीन. पोरींना वांगं खाऊ द्या, सुकट खाऊ द्या, पोटभर जेवू द्या. पण कोनाड्यातली ती डबी त्यांच्यापुढे धरू नका. माझं एवढंच मागणं आहे.

मैनाचं बोट अजून जेवणानंतर तोंडाशी जातं. मग ती थबकते, बोट पदराला पुसते आणि मला घासायला घेते.