साबण लागलेला तवा

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे, आणि मी रागावलेला आहे. तवा तापतो हे तुम्हाला ठाऊक असेल. त्याला राग येतो हे मात्र कोणी सांगितलं नसेल, कारण गोष्टी सांगणारे बहुतेक ताटाच्या बाजूला बसलेले असतात. मी चुलीच्या बाजूचा. इथून जे दिसतं ते वेगळं असतं.

माझा जन्म केळ्यांच्या वाघिणीचा, म्हणजे मालगाडीच्या डब्याचा. पूर्वी आमच्या प्रोग्रेसो गावातून केळ्यांनी भरलेल्या मालगाड्या बंदराकडे जात. पुढे गाड्या थांबल्या, रूळ गवतात बुडाले आणि एका मोडक्या वाघिणीच्या तळाचा पत्रा एउसेबियो लोहाराच्या दुकानात येऊन पडला. त्याने तो गोल कापला, ठोकून कडा जराशा उचलल्या आणि दोन कोंबड्यांच्या बदल्यात इसाबेलबाईंना देऊन टाकला. त्यातली एक कोंबडी म्हातारी निघाली, असं तो पुढे वर्षभर ज्याला त्याला सांगत असे. माझ्या पोटावर गंज होता, हे त्याने एकदाही सांगितलं नाही.

इसाबेलबाईंनी मला तीन दिवस घडवलं. डुकराची चरबी चोळायची, तापवायचं, निवू द्यायचं, पुन्हा चोळायचं. तिसऱ्या दिवशी मला काळी, गुळगुळीत कातडी आली. त्या कातडीवर पीठ चिकटत नाही, पोळी स्वतःहून सुटते. मग बाईंनी घरात नियम केला, की तव्याला साबण लावायचा नाही. मक्याच्या कणसाच्या सालांनी पुसायचा, बस. हा नियम त्यांनी दोन्ही मुलांना सांगितला. मुलीने ऐकला. मुलगा तेव्हा बाहेर चेंडू खेळत होता, आणि एका अर्थाने तो पुढची अडतीस वर्षं बाहेरच राहिला.

बाईंनी घराच्या पुढच्या खोलीत दोन टेबलं मांडली आणि खानावळ सुरू केली. आमच्याकडचा मुख्य पदार्थ म्हणजे बालेआदा. मैद्याची जाड, मऊ पोळी, आत घोटलेला लाल घेवडा, दाट साय, वर खारं चीज, आणि पोळी मधोमध दुमडायची. सोपं वाटतं ना? करून बघा. पिठाचे गोळे कापडाखाली मुरवावे लागतात. लाटणं चालत नाही. गोळा दोन्ही तळहातांवर थापत, फिरवत, ताणत मोठा करायचा. नोल्वियाला, म्हणजे बाईंच्या मुलीला, हे नवव्या वर्षी जमलं. मुलगा रिगोबेर्तो याने चार दिवस प्रयत्न केला. त्याच्या पोळ्यांना कोपरे येत. पाचव्या दिवशी आईने त्याला बाहेर गिऱ्हाइकांशी गोड बोलायला उभं केलं. ते त्याला उत्तम जमलं, खोटं कशाला बोलू?

चूल आणि जेवायची खोली यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि भिंतीला ताट जाईल एवढी खिडकी. मला त्या खिडकीतून फक्त हात दिसत, पण ऐकू सगळं येई. आमच्या गावात एक फार चांगला रिवाज आहे. खानावळीत शिरणारा माणूस आधीच जेवत बसलेल्या सगळ्यांना म्हणतो, "सावकाश होऊ द्या." उठून जाणाराही म्हणतो. ओळख लागत नाही. बसचा ड्रायव्हर वकिलाला म्हणतो, वकील लॉटरीची तिकिटं विकणारीला म्हणतो. न म्हणता गेलेल्या माणसाविषयी मागे जे बोललं जातं, ते मी लहान मुलांपुढे सांगणार नाही.

एका रविवारी मी मोजलं. दुपारपर्यंत त्या खोलीत एकशे त्रेचाळीस वेळा "सावकाश होऊ द्या" झालं. नोल्वियाला किती वेळा? शून्य. कारण ते म्हणायचं असतं ताटापुढे बसलेल्या माणसाला, आणि ती कधी बसलीच नाही. कडेने करपलेली पोळी ती उभ्यानेच खाई, एका हाताने, दुसऱ्या हाताने पुढची उलटत. तिच्या बोटांवरचे चटके मी मोजायचं सोडून दिलं, कारण ते सगळे माझेच होते.

इसाबेलबाई जायला टेकल्या तेव्हा त्यांनी दोन्ही मुलांना खाटेजवळ बोलावलं. "खोली दोघांची," त्या म्हणाल्या, "तवा हिचा." रिगोबेर्तोने मान हलवली. त्याला वाटलं, बरं झालं, लोखंडावर निभावलं.

महिन्याभराने दारावरची पाटी बदलली. आईच्या नावावर निळा रंग फासला गेला आणि त्यावर आलं, 'रिगोची खानावळ'. नोल्वियाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, अगं, लोकांना जो समोर दिसतो त्याचंच नाव लक्षात राहतं. हे बोलताना त्याच्या तोंडात तिने केलेली बालेआदा होती.

गिऱ्हाइकांत चेमा नावाचा एक बस ड्रायव्हर होता. रोज पहिल्या फेरीनंतर यायचा, तीन बालेआदा खायचा आणि एकच खाल्ली म्हणून शपथ घ्यायचा. त्याने पाटी वाचली आणि मोठ्याने विचारलं, "काय मालक, आता पोळ्या तुम्ही थापता वाटतं? मग आज मी चहाबिस्किटच घेतो." सगळे हसले. रिगोबेर्तोही हसला. पाटी तशीच राहिली.

आता माझ्या रागाचं खरं कारण सांगतो.

यंदाच्या जत्रेआधी पंचमंडळींनी ठरवलं, की गावातली सगळ्यात चांगली बालेआदा निवडायची आणि त्या खानावळीला जत्रेत मधला मांडव द्यायचा. तिघे पंच रविवारी सकाळी आमच्याकडे येणार होते, बरोबर फोटो काढणारा. शनिवारी इसाबेलबाईंचं वर्षश्राद्ध. नोल्विया फुलं घेऊन दफनभूमीत गेली. रिगोबेर्तो म्हणाला, तू हो पुढे, इथे गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. त्याला खानावळ चकाचक करायची होती.

आणि मग, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, तो भिंतीच्या अलीकडे आला.

त्याने मला पाहिलं. काळा, तुपकट, कडेला पापुद्रे. त्याला लाज वाटली. हा फोटोत कसा दिसेल? त्याने मला मागच्या नळाखाली नेलं, साबण लावला, तारेच्या घासणीने घासलं, वर वाळू टाकून पुन्हा घासलं. शीळ घालत होता हो! अडतीस वर्षांची माझी कातडी काळ्या पाण्यातून गटारात गेली. इसाबेलबाईंच्या हातची चरबी तिच्यात सगळ्यात तळाला होती. तीही गेली, आणि तेही त्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी.

नोल्विया परतली तेव्हा मी चुलीवर भांड्यांच्या दुकानातल्यासारखा चमकत होतो. रिगोबेर्तो दारातूनच म्हणाला, "बघ, आरशासारखा केलाय. तुला कधी एवढा वेळ मिळाला नसता."

तिने माझ्यावर तळहात ठेवला. चरबीचा डबा काढून तिने उजेड असेपर्यंत मला चोळलं, तापवलं. पण तीन दिवसांचं काम एका संध्याकाळी होत नसतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

रविवारी खोली भरलेली. पंच मधल्या टेबलावर. नोल्वियाने पहिली पोळी माझ्यावर टाकली आणि मी ती धरली. मला धरायची नव्हती, मित्रांनो. पण उघड्या लोखंडाला दुसरं काही येत नाही. पोळी फाटली. दुसरी राखाडी झाली आणि तिला साबणाचा वास आला. तिसरी निम्मी माझ्याकडेच राहिली.

खिडकीपलीकडून पंचांपैकी एक बाई म्हणाल्या, आम्ही फार ऐकून आलो होतो हो. तेव्हा रिगोबेर्तो हसत हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माफ करा. बहिणीचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. वय झालं तिचं."

चूक मी माफ केली असती. अज्ञान असतं माणसाला. पण हे वाक्य मी माफ केलेलं नाही.

नोल्वियाने दोन फडकी घेतली. मला कडेने धरलं, चुलीवरून उचललं आणि भिंतीला वळसा घालून सरळ जेवायच्या खोलीत आली. ती खोली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. पाच टेबलं, भिंतीवर कॅलेंडर, आणि तोंडं उघडी ठेवून बसलेली माणसं. तिने मला फरशीवर ठेवलं. चेमाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. ती त्या खुर्चीवर बसली. माझ्यावर राहिलेल्या फाटक्या पोळीत टेबलावरचा घेवडा घातला, साय घातली आणि खायला लागली.

"अगं, काय हे? पंच बसलेत," रिगोबेर्तो कुजबुजला.

"मीही बसलेय," ती म्हणाली. "दादा, तवा कोणी धुतला ते सांग त्यांना. मी जेवतेय."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. तेवढ्यात चेमा उठला. त्याने टोपी काढली, जिच्याबद्दल मी आजवर फक्त ऐकलं होतं, आणि म्हणाला, "सावकाश होऊ द्या, नोल्विया."

मग मागच्या टेबलावरची लॉटरीवाली म्हणाली. मग वकील. मग तिन्ही पंच, एकामागून एक. मी मोजलं. एकोणीस. तिला सोडून खोलीत माणसं वीस होती.

तिने शेवटचा घास खाल्ला, फडक्यांत मला गुंडाळलं आणि ती दाराबाहेर पडली. मांडव दुसऱ्या कोणाला तरी मिळाला.

तीन दिवस तिने मला चेमाच्या घरामागे पुन्हा घडवलं, अगदी आईसारखं. चौथ्या दिवशी बसथांब्याजवळच्या बदामाखाली आमची चूल पेटली. दोन टेबलं. मध्ये भिंत नाही. चुलीजवळ एक स्टूल, आणि त्यावर गिऱ्हाइकाने बसायचं नाही. तिकडे रिगोबेर्तोने नवा न चिकटणारा तवा आणला. त्यावर काही चिकटत नाही हे खरं. त्याच्या खोलीत गिऱ्हाईकही चिकटेना.

नवव्या दिवशी तो आला. रांगेत उभा राहिला, दोन बालेआदा घेतल्या, मान खाली घालून खाल्ल्या. उठताना रिवाजाप्रमाणे दोन्ही टेबलांना "सावकाश होऊ द्या" म्हणाला आणि निघाला.

नोल्वियाने स्टूल ओढलं. बसली, ताट मांडीवर घेतलं आणि नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तो थांबला. त्या पहिल्या पोळीसारखी त्याची जीभ चिकटली होती. चेमा खाता खाता थांबला. मी तापलेलाच होतो.

"सावकाश होऊ दे, नोल्वी," तो म्हणाला. "तवा मी धुतला होता. हात तुझा चांगलाच आहे."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "उद्या येताना आईचे चमचे घेऊन ये. बारा आहेत. आणि पाटी पुसूनच ये."

मित्रांनो, पाटी अजून पुसलेली नाही. चमचे मात्र आले, अकरा. म्हणून सांगतो, घरातल्या जुन्या तव्याला साबण लावण्याआधी रोज त्याच्यापुढे उभं राहणाऱ्या माणसाला विचारा. आणि जेवून उठाल तेव्हा भिंतीच्या पलीकडे एकदा डोकावून बघा. तिथे कोणीतरी उभ्यानेच खात असेल. त्याला आधी बसायला सांगा, आणि मग काय म्हणायचं ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

माझा राग गेला का, असं विचाराल. मी जाड लोखंडाचा आहे, उशिरा निवतो. बारावा चमचा आला की बघू.