सुकवलेले ठोकळे

नमिताने सुकवणीच्या ओव्हनचं दार उघडलं, तर आत तिचेच काँक्रीटचे ठोकळे. बाराच्या बारा, प्रत्येकावर तिच्याच अक्षरात ‘फायबर’. हे पाण्याच्या टाकीतून काढून ओलसरच आगीच्या चाचणीच्या भट्टीत जायला हवे होते.

चंद्रभानकाका मागून आले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांना अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि चार वर्षं नमिताचा प्रत्येक ठोकळा त्यांच्याच हातचा होता.

“आज लवकर आल्या, ताई?”

“हे इथे कोणी ठेवले?”

“मीच. ओले टाकले का फुटते ना. पयल्या वर्षी फुटलते तं किती रडल्या होत्या तुम्ही. तवापासून दोन दिवस सुकवून घेतो.”

“दर वेळी?”

“दर वेळी.” काकांच्या आवाजात अभिमान होता.

“आणि बिनफायबरचे?”

“ते काऊन सुकवू? ते तं फुटालेच पाह्यजे ना तुम्हाले.”

नमिता स्टुलावर बसली. काँक्रीट तापलं की आतल्या पाण्याची वाफ होते, आणि वाट मिळाली नाही तर ठोकळा फटाक्यासारखा उडतो. आपल्या मिश्रणातले बारीक प्लॅस्टिकचे धागे वितळून वाफेला वाट करून देतात, असं ती चार वर्षं छातीठोकपणे सांगत होती. कोरड्या ठोकळ्यात वाफ यायची कुठून? धाग्यांनी काम केलंही असेल, नसेलही. ते आता कुणालाच ठाऊक नव्हतं.

परक्याने केलं असतं तर तिने आकाशपाताळ एक केलं असतं. या माणसाने तिच्या डब्यातली भाजी खात, तिला पोरीसारखं जपत फसवलं होतं, आणि ते त्याला कळलंही नव्हतं.

“काका, तुम्ही माझा घात केलात.”

काकांचा चेहरा उतरला.

“घात कसा, ताई? तुमचा पेपर छापून आला. तो पाहून देवळीच्या जिनिंगवाल्यानं गोडाऊनची भिंत तुमच्याच मिश्रणाची बांधली. इकडून कापसाच्या गाठी, तिकडून ऑफिस. माही मोहिनी तिथंच बसते.”

“मोहिनी?”

“मांगच्या महिन्यात लागली. तिची माय नाई म्हने, आगीचं काम आहे. म्या म्हटलं, भिंत नमिताताईची आहे.”

नमिता स्टुलावरून उठली.

“तिला फोन लावा, काका. आजपासून त्या खोलीत बसू नको म्हणावं.”

“काऊन?”

“ती भिंत कोणी ओव्हनमध्ये सुकवली नाही, काका.” काकांनी ओव्हनमधल्या ठोकळ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी फोन काढला आणि लेकीचा नंबर लावला.