उलटा खटका

उस्तादांच्या कानाची गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती. रस्त्यावरून कुणी कमरेला पिस्तूल लावून गेलं, तर उस्ताद भिंतीआड ताटावर बसल्याबसल्या सांगायचे, "स्प्रिंग गंजलीय, आणि बायकोशी भांडून निघालाय." दोन्ही खरं निघायचं. निदान बायकोचं तरी.

अशा माणसाची लेक चिमटी. जिथे कुणाचं बोट जात नाही तिथला स्क्रू ती काढायची, म्हणून बापानेच ठेवलेलं नाव. बापाच्या डोळ्यांत पडदा आला तसं बंदूक दुरुस्तीचं दुकान तिच्या अंगावर पडलं. ठाण्यातली हत्यारंसुद्धा तीच दुरुस्त करायची. आज मात्र त्याच ठाण्यात ती फौजदारासमोर बसली होती ती दुरुस्तीसाठी नाही. समोरचं पिस्तूल तिच्या दादाचं होतं, आणि दादा पलीकडच्या कोठडीत.

"बघा ताई, पण लवकर बघा," फौजदार म्हणाले. "जेवणाची सुट्टी संपली की गाडी कोर्टात निघते. 'मुद्दाम झाडली' असं एकदा तिथे गेलं की माझ्या हातात काही नाही."

झालं होतं असं, की दादाने जुन्या बाजारातून हे पिस्तूल आणलं. सगळी कागदपत्रं रीतसर. घरी आणून मेहुण्याला दाखवलं आणि गोळी मेहुण्याच्या मांडीत. बरं, त्याच सकाळी दोघं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवरून असे भांडले होते की चार घरं ऐकत होती. दादा म्हणे, चुकून सुटली. वरच्या तपासनिसाने लिहून दिलं: पिस्तूल कारखान्यातून आलं तसंच, काही बदल नाही, सेफ्टीचा खटका ठीक चालतो. मग चुकून कशी सुटेल?

बाहेर वहिनी पायरीवर बसली होती. भाऊ दवाखान्यात, नवरा कोठडीत. "आधी कुणासाठी रडू ते तरी सांग गं मला," एवढंच ती चिमटीला म्हणाली होती.

चिमटीने पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली आणि मूठ धरली. लगेच तळहातात काहीतरी टोचलं. तिने हात बदलला. डाव्या हातात मूठ लोण्यासारखी बसली, फक्त करंगळीच्या जागी उंचवटा लागला. म्हणजे ज्याच्यासाठी घासली त्याला करंगळीच नव्हती. तिने चापाच्या कडेवरून नख फिरवलं. कडा गोल. जिथे जिथे कातडी लागते तिथली प्रत्येक कड मारलेली.

लहानपणी रोज ऐकलेलं वाक्य कानात वाजलं: "हत्याराने एकाच टोकाने चावावं."

हे बाबांचं काम होतं.

मग तिने खटका पाहिला. या जातीच्या पिस्तुलाचा खटका खाली केला की कुलूप, वर केला की मोकळं. तिने खाली केला, चाप दाबला. टक्! वर केला, दाबला. चाप जागचा हलेना. सगळं उलटं. मोकळं असल्याची खूण सांगणारा लाल ठिपका बुजवलेला, आणि जुन्या बाजारवाल्याने नव्यासारखं दिसावं म्हणून वरून काळा रंग फासलेला. तपासनिसाने खटका वर-खाली करून पाहिला असेल, एकीकडे अडला, एकीकडे सुटला, म्हणजे चालतो! कुठल्या बाजूला अडला ते कोण बघतंय?

तिला आता सगळं दिसलं. दुकानात बाबांची रीत होती. पिस्तूल गिऱ्हाइकाला देताना खटका लावायचा, नळी वाळूच्या बादलीत धरायची आणि त्याच्यादेखत चाप करकचून दाबायचा. "बघा, आता हत्ती बसला तरी सुटत नाही!" दादा हेच बघत मोठा झाला. मेहुण्यापुढेही त्याने तेच केलं असणार. फक्त नळीत एक गोळी राहिलेली, आणि खाली वाळूच्या ऐवजी फरशी. गोळी उसळून मांडीत.

ती कोठडीच्या गजांशी धावली. "दादा, बोलला का नाहीस? हे बाबांच्या हातचं आहे!"

दादाने मान वर केली नाही. "म्हणून तर घेतलं. मूठ बघताच ओळखलं. खटक्याचं मात्र गोळी सुटल्यावर कळलं." मग हळूच, "त्यांचं नाव घेऊ नकोस चिमटे. खटका कुणी उलटा केला म्हणून त्यांना या वयात इथे बसवतील. नाव घेतलंस तर सांगेन, मुद्दाम झाडली."

"अरे गाढवा!"

"असू दे गाढव."

दुकान सोडून हा फरश्या विकायला गेला त्या दिवसापासून बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याच्या सावलीलाही जाणार नाही, असं अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं. आणि हा त्यांच्यासाठी कोठडीत तोंड शिवून बसलेला!

नाव ती घेणार नव्हती; बाबांनी स्वतःच येऊन सांगावं म्हणून चिमटी घराकडे पळाली. चप्पल तुटली ती रस्त्यातच राहिली. गल्ली आज रबरासारखी ताणली गेल्यासारखी, संपता संपेना.

उस्ताद खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"बाबा, दादा आत आहे."

"कोण दादा?"

"तुमचा मुलगा हो!"

"मला मुलगा नाही. फरशीवाला एक ओळखीचा होता."

ती रडली, पाया पडली, ओरडली. भिंत ऐकेल, पण उस्ताद नाहीत. शेवटी ती थकून उंबऱ्यावर बसली आणि स्वतःशीच पुटपुटली, "तपासनीस म्हणतो कारखान्याचा माल आहे. कसलाही हात लागलेला नाही."

उस्तादांचा कान हलला.

"कसला माल?"

"ते पिस्तूल. डावी मूठ, करंगळीला उंचवटा."

"घड्याळवाल्याचं?" उस्ताद उठून बसले. "बिचारा गेला. अंगठा वर उचलला की त्याची मूठ सुटायची, म्हणून खटका फिरवून दिला होता मी! त्याला कारखान्याचा माल म्हणतो? कारखान्याच्या आजोबाला जमलं नसतं ते! माझी काठी कुठाय?"

"दादासाठी येताय ना?"

"खटक्यासाठी येतोय," उस्ताद म्हणाले, आणि दोन्ही पायांत डावीच चप्पल घालून निघाले.

ठाण्यासमोर गाडीचं इंजिन सुरू झालं होतं. उस्तादांनी पिस्तूल नुसतं हातात घेतलं आणि डोळ्यांशी न नेताच खटका, चाप, मूठ, एकेक काम सांगत गेले. फौजदार ऐकत राहिले. मग म्हणाले, "उस्ताद, काम तुमचं असेल. पण तुमच्याच मुलाला ते कळलं नाही, हे कोर्ट कसं मानेल?"

चिमटीने पिस्तूल बापाच्या हातून घेतलं, पुन्हा रिकामं असल्याचं दाखवलं आणि दारातल्या हवालदारापुढे धरलं. "काका, खटका लावा. आणि जमिनीकडे धरून चाप दाबा."

काकांनी अंगठ्याने खटका खाली ओढला. टक्!

"पुढचे," चिमटी म्हणाली. गाडीचा चालक, दारावरचा शिपाई, चहा पीत बसलेला जमादार. सगळ्यांचा अंगठा खालीच गेला. टक्. टक्. टक्. शेवटी फौजदारांनी स्वतः घेतलं. एवढं बघूनही सवयीने अंगठा खालीच गेला. टक्!

फौजदार खिडकीशी गेले आणि हाताने इंजिन बंद करायची खूण केली.

दादाला बाहेर आणून, कागद लिहून होईपर्यंत बाकावर बसवलं. "तुम्ही उठा," फौजदार त्याला म्हणाले. "आणि उस्ताद, तुम्ही बसा. खटका उलटा करून तो कुणाच्या हाती जाईल याचा विचार केला होता का, ते आता तुम्हाला सांगावं लागेल."

"त्यांना नको साहेब," दादा घाईने म्हणाला. "मीच..."

"उठ म्हटलं ना!" उस्ताद कडाडले. कितीतरी वर्षांत ते त्याच्याशी बोलले नव्हते. दादा उठला. उस्ताद चाचपडत त्याच जागी बसले. बाक अजून गरम होता.

थोड्या वेळाने त्यांनी चिमटीच्या दिशेने तोंड केलं. "त्याला विचार, मूठ कशी वाटली."

"टोचते," दादाच म्हणाला. "उजव्या हाताला फार टोचते, बाबा."

"टोचणारच," उस्ताद म्हणाले. "तुझ्या मापाची कुठे होती." आणि अंधाऱ्या डोळ्यांनी त्यांनी हात पुढे केला, माप घेतल्यासारखा.