लेकीच्या दारातला बर्फ

जावयाच्या घरी बसून खाणं हंबीररावांच्या जिवावर यायचं. कॅनडातली लेक क्रांती बाळंत झाली म्हणून ते गेले होते. बायको बायडाबाईला जाता आलं नव्हतं. कसबा बावड्यातल्या गोठ्यात म्हैस नुकतीच व्यालेली, ती कुणाच्या भरवशावर टाकणार? लेकीच्या घरचं अन्न फुकट घशाखाली उतरवू नये, ही जुनी रीत हंबीररावांनी सातासमुद्रापार नेली होती. पण तिथं भांड्यांना मशीन, धुण्याला मशीन. उरला तो दारातला बर्फ.

इथं संध्याकाळच्या धारेची वेळ, तिथं नुकतंच उजाडलेलं. बायडाबाईनं फोन पेंडीच्या पोत्याला टेकवून ठेवला होता. हंबीररावांनी आपला फोन पायरीच्या कठड्यावर ठेवला होता, बायकोला पराक्रम दिसावा म्हणून. रस्ता साफ करणाऱ्या गाडीनं सगळा बर्फ नेमका त्यांच्या दारात लोटला होता. जावई धैर्यशील रात्रपाळीहून आला की गाडी आत कशी घेणार, हा सासऱ्याला घोर.

"अवो, क्रांतीनं काय सांगितलंय?" बायडाबाई ओरडली. "लोटायचा म्हणं, उचलायचा न्हाय. आन् तुमी तर हातच लावायचा न्हाय!"

"हे काय वजन हाय व्हय? कापूस हाय कापूस!"

कापूस कसला, भिजलेला बर्फ तो, दगडासारखा जड. गडी मात्र उसाला पाणी पाजताना माती ओढावी तसं खोरं भरभरून घेत होता आणि खांद्यावरून मागं फेकत होता. गार हवेत हृदयावर आधीच ताण असतो, थोडं थोडं काढावं, मधे दम खावा, हे क्रांतीनं दोघांनाही बजावलेलं. दोन वर्षांमागं हृदयाच्या शिरेत स्प्रिंग बसवलेल्या माणसाला हे सांगावं लागतं, यातच सगळं आलं. पालथ्या घड्यावर पाणी!

एकाएकी खोरं थांबलं. हंबीरराव दांड्यावर रेलले. मोजा घातलेला हात छातीवर गेला, मग डाव्या दंडावर.

"काय झालं?"

"काय न्हाय. पित्त खवळलंय."

"आत जावा. क्रांतीला उठवा."

"रातभर बाळानं जागवलंय तिला, झोपू दे. एवढा बांध काढतो आन् जातो. अर्ध्यात सोडायचं न्हाय."

बायडाबाई फोनवर वाकली. त्यांचं तोंड राखेसारखं झालेलं तिला एवढ्या लांबून दिसत होतं. स्प्रिंग बसवायच्या आदल्या दिवशीही हे असंच पित्त होतं. फोन कापून क्रांतीला लावावा, तर झोपताना तिचा फोन मुका असतो. आणि कापलेला फोन यांनी परत उचललाच नाही तर? तिनं शपथ घातली. नातवाची आण घातली. हंबीररावांनी मान हलवली आणि पुन्हा खोरं उचललं.

हा माणूस स्वतःसाठी कधीच थांबला नव्हता. पण तिच्यासाठी?

धसक्यानंच त्यांचं काही झालं तर, हा विचार तिच्या मनात आला. तरी तिनं फोनला हात मारला. फोन वैरणीत उताणा पडला.

"अवो... माझ्या छातीत..." ती कण्हली.

"बायडे? अगं ए बायडे!"

ती बोलली नाही. ओठ दाताखाली धरून उभी राहिली. खोरं आदळल्याचा, कठड्यावरचा फोन ओढल्याचा आवाज आला. मग दार, मग घोगरी, तुटकी हाक, "क्रांते! ऊठ! तुझी आई पडली!"

पावलं जिन्यावरून धडधडत खाली आली. "आई? आई, बोल की गं!"

बायडाबाईनं झडप घालून फोन उचलला. "मला काय धाड भरलीया? आबांना खाली बसीव. त्यांच्या छातीत दुखतंय, दंडात कळ हाय. ॲम्ब्युलन्स बोलाव, आत्ताच्या आत्ता!"

"आबा?" क्रांतीनं वळून बघितलं असावं. पुढं नुसती तिची किंकाळी ऐकू आली आणि फोन बंद पडला.

म्हैस हंबरत राहिली, धार काढायची राहिली. गोठ्यात अंधार झाला तरी दिवा लावायचं बायडाबाईला सुचलं नाही. "मीच पळवलं त्यांस्नी," एवढंच ती पुटपुटत होती. अखेर क्रांतीचा फोन आला. झटका मोठा होता, पण वेळेत पोहोचले होते. आबा वाचले होते. बायडाबाई तिथंच शेणात बसली आणि मोठ्यानं रडली.

दुसऱ्या दिवशी हंबीरराव फोनवर दिसले, नाकात नळी, आवाज बारीक.

"मला फसवलंस."

"व्हय, फसवलं. पुन्यांदा बी फसवीन."

त्यांनी नाकातली नळी जरा सरकवली. "जिन्याकडं पळताना छातीतलं दुखणं आठवलंच न्हाय बघ. एवढंच वाटलं, ही गेली तर मी परत कुणाच्या घरी जायाचं?"

बायडाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"मला काय दुसरं वाटत होतं व्हय?" ती म्हणाली.