एकशे चौदा पायऱ्या

ओरेस्ते गांदोल्फी बोलोन्याजवळच्या आपल्या गावातल्या चर्चची तिसरी घंटा बावीस वर्षं वाजवत होता. चार घंटा, चार माणसं. तिथे खालून दोर ओढत नाहीत. वर तुळयांवर उभं राहून घंटेला अंगाने भिडतात.

फेब्रुवारीत त्याच्या उजव्या गुडघ्यातली झिजलेली कूर्चा काढून तिथे सच्छिद्र जाळी बसवली. जाळीचं द्रव्य खेकड्याच्या कवचापासून केलेलं.

"म्हणजे आता तू तिरका चालणार," ताफ्याचा म्होरक्या दुइलियो म्हणाला.

"तिरका चाललो तरी तुझ्याआधी वर पोचेन."

डॉक्टर निवेस तास्सिनारींनी त्याला समजावलं, "द्राक्षवेलीला मांडव घालता ना, तसंच हे. पेशी जाळीवर वाढतील, नवी कूर्चा धरेल, मग जाळी आपोआप विरेल. सगळं नीट झालं तर ऑक्टोबरात सान पेत्रोनियोच्या सणाला वाजवाल. तोवर जिने चढायचे नाहीत."

ओरेस्तेने सगळं पाळलं. जूनमध्ये दुखणं थांबलं. तो दिवस मोजू लागला.

सप्टेंबरच्या तपासणीत गुडघा सुजलेला निघाला. डॉक्टरांनी पडद्यावरचं गुडघ्याचं चित्र मोठं केलं.

"जाळीची कड सुटलीय. जिने चढलात?"

"एकदाही नाही. घरी लिफ्ट आहे."

"संध्याकाळी काय करता?"

"बुधवारी तालमीला जातो. पण घंटेला हात लावत नाही, बाकावर बसून नुसतं ऐकतो."

"बाक कुठे आहे?"

"घंटांपाशी."

"आणि तिथे पोचता कसे, गांदोल्फी?"

 चर्चच्या घंटा-मनोऱ्याला एकशे चौदा पायऱ्या होत्या. त्या ओरेस्तेने कधी जिन्यात धरल्याच नव्हत्या.

"सणाला?" त्याने विचारलं.

"नाही. कड पुन्हा धरते का, ते सहा महिन्यांनी बघू."

सणाच्या दिवशी तो चौकात खुर्ची टाकून बसला. त्याच्या जागी शेजारच्या गावचा एक लोहार होता. ओरेस्ते तिसऱ्या घंटेचा टोल न् टोल ऐकत होता. कुठेतरी उशीर होईल, कुठेतरी घाई होईल, याची वाट बघत होता. तसं काही झालं नाही.

दुइलियो घाम पुसत खाली आला आणि शेजारी बसला.

"तिसरी कशी होती?"

"बरोबर होती."

 दुइलियो उठताना म्हणाला, "बुधवारी येशील ना?"

"इथपर्यंत येईन," ओरेस्ते म्हणाला.