खालचा जोड

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच घड्याळजींनी दुकानाला आठवडाभर कुलूप लावलं. शटरवर चिठ्ठी चिकटवली, 'कामानिमित्त बाहेरगावी'. काम कसलं ते लिहिलं नाही. साठीला टेकलेला माणूस झोपायची सोय असलेली जुनी गाडी घ्यायला दोन दिवसांचा प्रवास करून चाललाय, हे वाचून गिऱ्हाइकं हसली असती.

गाडीचं वेड मुळात त्यांच्या बायकोचं. टेलिफोन ऑफिसात बसून तिने उभा जन्म लोकांच्या गावांना एकमेकांशी जोडून दिलं, आणि स्वतः त्यातली चार गावंसुद्धा पाहिली नाहीत. निवृत्त झाली त्या दिवसापासून तिच्या डोक्यात कॅम्पर व्हॅन होती. मागे दोघांपुरता पलंग, एक शेगडी, हात धुवायला इवलंसं बेसिन; जिथे आवडेल तिथे थांबायचं. जवळपास विकायला असलेल्या गाड्यांचे भाव ऐकूनच घड्याळजी फोन खाली ठेवत. शेवटी एक जाहिरात सापडली. गाडी जुनी होती, पण आतलं सगळं मालकाने स्वतःच्या हाताने बांधलेलं होतं. अंतर तेवढं फार.

सोबत मेव्हणा निघाला. बायकोचा धाकटा भाऊ, गाड्यांचा मेकॅनिक, स्वभावाने मोकळाढाकळा, आणि भाव पाडणं हा त्याचा आवडता खेळ. रेल्वेच्या डब्यात पहिल्याच दिवशी त्याने बेत सांगितला. तो गाडीखाली शिरणार, बाहेर येऊन तोंड पाडणार आणि काहीतरी मोठा दोष सांगणार. भावजींनी फक्त गप्प उभं राहायचं.

घड्याळजींना ते पटलं नाही. त्यांच्या दुकानात लोक घाबरून घड्याळं घेऊन येत, आणि ते भिंगातून पाहून सांगत की काही झालेलं नाही, नुसती धूळ आहे. चांगल्या घड्याळाला त्यांनी कधी आजारी ठरवलं नव्हतं. पण गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

गाडी विकणारी बाई निवृत्त नर्स होती. नवरा बॉयलरच्या कारखान्यात वेल्डर. दीड वर्षापूर्वी झोपेतच गेला. नर्सबाईंनी त्या सकाळी गाडी धुऊन ठेवली होती. त्यांच्या बाह्या अजून ओल्याच होत्या. त्यांनी एकेक कप्पा उघडून दाखवला. शेगडी कशी पेटते, पलंग कसा दुमडतो, पाण्याची टाकी कुठून भरायची, सगळं सावकाश, एखाद्या रुग्णाला औषधं समजावावीत तसं. गाडी घेतली तेव्हा तिचा तळ गंजून गेला होता, असं त्या म्हणाल्या. नवऱ्याने तो कापून काढला, नव्या दांड्या वेल्डिंगने जोडून बसवल्या, तीन महिन्यांचे सगळे रविवार त्यात घातले. मग बारा वर्षं दोन मुलींना घेऊन चौघं हिंडली.

मेव्हणा टॉर्च घेऊन खाली शिरला. बराच वेळ त्याचे नुसते बूट दिसत होते. बाहेर आला तो घड्याळजींना भिंतीपाशी घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "भावजी, असं वेल्डिंग मी आयुष्यात पाहिलं नाही. ही गाडी आपल्या दोघांना पुरून उरेल."

मग तो वळला, आणि वळता वळता त्याचा चेहरा पडला.

"बाई, खालचा जोड कच्चा आहे. आतून गंज धरलाय आणि वरून रंग मारून झाकलाय."

"तो त्यांनी स्वतः केला होता," नर्सबाई म्हणाल्या.

"तेच तर. घरचं काम म्हणून चालवून घेतलं असेल. अजून वर्षभर चालवली असती तर तळ रस्त्यावर आला असता."

नर्सबाईंनी गाडीवरून एकदा हात फिरवला. मग त्यांनी घड्याळजींकडे पाहिलं. हे मात्र बेतात नव्हतं.

"तुम्हीही हाताने काम करणारे," त्या म्हणाल्या. "फोनवर सांगितलं होतंत. तुम्ही पाहिलंत का खाली?"

घड्याळजी खाली वाकलेसुद्धा नव्हते. मेव्हण्याची नजर त्यांना पाठीवर जाणवत होती. घरी बायको फोनची वाट बघत बसलेली असणार.

"पाहिलं," ते म्हणाले. "हा म्हणतो ते खरं आहे."

"माझ्या मुली बारा वर्षं ह्याच्यावर झोपल्या," नर्सबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. मेव्हण्याने आकडा सांगितला, तेव्हा त्यांनी तो नीट ऐकलाही नसावा. नुसती मान हलवली, आत गेल्या आणि किल्ली आणून दिली.

परतीच्या वाटेवर मेव्हणा खुशीत होता. शीळ काय घालत होता, स्टीअरिंगवर ताल काय धरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहासाठी गाडी रस्त्याकडेला घेतली. घड्याळजी कप शोधायला मागे गेले आणि त्यांनी शेगडीवरचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने ओळी लिहिल्या होत्या. तारीख, आणि पुढे 'खालचा जोड तपासला. ठीक.' त्याखाली सहा महिन्यांनंतरची तारीख, तेच शब्द. अक्षर वळणदार नव्हतं, पण एकही ओळ घाईत लिहिलेली नव्हती. त्यांनी मोजल्या, तेवीस ओळी होत्या.

त्यांनी मेव्हण्याला बोलावून दाखवलं. तो वाचून म्हणाला, "शहाणा माणूस होता." आणि कप विसळायला घेतले.

घरी बायकोने गाडी डोक्यावर घेतली. शेजारणींना बोलावून आतून दाखवली, खिडक्यांची मापं घेतली, पडद्यांना कापड आणलं. पहिल्यांदा कुठे जायचं याचा नकाशा जेवणाच्या टेबलावर कायमचा पसरलेला. घड्याळजी "हो, हो" म्हणत आणि दुकानात पळत. तिथेही सुटका नव्हती. एक नेहमीचं गिऱ्हाईक मनगटी घड्याळ घेऊन आलं. चाक झिजलंय, असं त्यांनी सांगितल्यावर ते गमतीने म्हणालं, "खरंच झिजलंय, की तुम्हाला बिल वाढवायचंय?" रोजचाच विनोद. पण घड्याळजींच्या हातून चिमटा पडला आणि त्यांनी ते चाक भिंगाखाली धरून गिऱ्हाइकाला दाखवलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, शेवटी गिऱ्हाईकच ओशाळलं.

मेव्हण्यापाशी त्यांनी मन मोकळं करून पाहिलं. तो आधी हसला. भाव करताना सगळेच असं बोलतात, म्हणाला. भावजी हसत नाहीत म्हटल्यावर त्याने हात पुसले. एवढंच बोचत असेल तर फोन करून सांगून टाका, तेवढ्यासाठी कोण जातंय इतक्या लांब, असं म्हणून तो पुन्हा बॉनेटखाली शिरला. घड्याळजींनी दोनदा नंबर लावला. दोन्ही वेळा पलीकडे रिंग वाजताच त्यांनी फोन कापला.

गाडी आणल्यापासून नवव्या दिवशी दुपारी बायको पडद्याला टाके घालत बसली होती. घड्याळजी समोर बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. तिची सुई मध्येच थांबली.

"तुम्ही 'पाहिलं' म्हणालात?"

"हो."

"आणि पाहिलं नव्हतं."

"नव्हतं."

तिने दोऱ्याला गाठ मारली, कापडाची घडी घातली. "मला त्या गाडीत बसवू नका," ती म्हणाली. "आधी तिकडे जाऊन या. गाडी घेऊनच जा. बाईंना परत हवी असेल तर देऊन या."

घड्याळजींचा गाडीवर हात बेताचाच. एवढी मोठी गाडी त्यांनी कधी चालवली नव्हती. दोन दिवसांच्या वाटेला त्यांना तीन दिवस लागले. मागचे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून थकत आणि ओलांडून पुढे जात. झोपायला मागे पलंग होता, पण त्यावर आडवं व्हायचा त्यांना धीर झाला नाही. दोन्ही मुक्कामांना ते ड्रायव्हरच्या सीटवरच पाय आखडून पडून राहिले.

नर्सबाईंनी दार उघडलं आणि आधी रस्त्यावरच्या गाडीकडे पाहिलं. "तळ गेला का?" त्यांनी विचारलं. चेहरा पांढरा पडला होता. "कुणाला लागलं नाही ना?"

इतक्या वेळा मनात घोळवलेली वाक्यं घड्याळजी विसरून गेले.

"तळाला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हतं झालेलं. आम्ही खोटं बोललो. मी तर खाली वाकून पाहिलंही नव्हतं."

बाई पायरीवर बसल्या. घड्याळजी उभेच होते. भिंतीपाशी मेव्हणा काय म्हणाला तेही त्यांनी शब्द न् शब्द सांगितलं. असं वेल्डिंग त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग कपाटाच्या दारावरच्या ओळींबद्दल ते बोलू लागले, तशा बाईंनी हाताने थांबवलं.

"ती यादी मला पाठ आहे. पेन्सिल दर वेळी मीच नेऊन द्यायचे. ते खालून ओरडून सांगायचे, 'पेन्सिल आण, ठीक आहे.' तरी मी तुमचं ऐकलं. दोन परक्या माणसांचं."

घड्याळजींना 'चूक तुमची नाही' असं म्हणावंसं वाटलं, पण ते म्हणायचा आपल्याला काय अधिकार, म्हणून शब्द गिळला.

मग बाईंनी सांगितलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. गाडी गेली त्याच संध्याकाळी त्यांनी मोठ्या मुलीला फोन केला. तुझ्या बापाने तुम्हा पोरींना बारा वर्षं मरणावर झोपवलं, असं त्या रागाने बोलून गेल्या. मुलगी आधी भांडली. मग म्हणाली, "आई, मग अजून काय काय झाकलं असेल बाबांनी?" तेव्हापासून मायलेकींत नीट बोलणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारावरून गेला, तर बाईंनी नवऱ्याचा वेल्डिंगचा मुखवटा आणि हत्यारांची पेटी उचलून त्याला देऊन टाकली.

त्या आत गेल्या, फोन घेऊन आल्या, नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. "सांगा," म्हणाल्या. "जसं मला सांगितलंत तसंच."

घड्याळजींनी सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. मुलीने विचारलं, "म्हणजे बाबांचं काम चांगलं होतं?"

"फार चांगलं होतं."

"आईला द्या."

बाईंनी फोन कानाला लावला. "हो," म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, "हो ग. मीसुद्धा." आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. घड्याळजी पायऱ्या उतरून गाडीपाशी जाऊन थांबले.

फोन ठेवून बाई गाडीपाशी आल्या तेव्हा घड्याळजींनी भंगाराच्या दुकानाचा पत्ता विचारला. पत्ता सांगण्याऐवजी बाई शेजारच्या सीटवर येऊन बसल्या. दुकान गावाच्या टोकाला होतं. भंगारवाल्याला आठवण होती. मुखवटा दुसऱ्याच दिवशी कुणीतरी घेऊन गेला, आणि पेटीतला माल वितळवायला जाणाऱ्या ट्रकमध्ये चढला. एखादी वस्तू राहिली असेल तर बघा, म्हणत त्याने मागचा ढीग दाखवला. दोघांनी तासभर तो ढीग उपसला. बाई बाह्या सरसावून एकेक पाना, एकेक हातोडी उचलून बघत होत्या आणि बाजूला ठेवत होत्या. घड्याळजींची बोटं काळी झाली, एका नखाखालून रक्त आलं. नवऱ्याची एकही वस्तू मिळाली नाही.

परत घरापाशी आल्यावर घड्याळजींनी किल्ली पुढे केली, आणि खिशातून पाकीटही काढलं. पाडून घेतलेली सगळी रक्कम त्यात होती. बाईंनी पाकीट घेतलं. "हे माझे नाहीत, त्यांच्या कामाचे आहेत, म्हणून घेते," त्या म्हणाल्या. किल्लीला हात लावला नाही. "गाडी घेऊन मी एकटी कुठे जाऊ? न्या तुम्ही. बायकोला फिरवा. मला मात्र तिकडून फोटो पाठवू नका."

दार लागलं. घड्याळजींनी गाडी सुरू केली.

ते घरी पोचले तेव्हा बायको फाटकाशी आली. हातांकडे पाहून तिने आधी पाणी आणलं. सगळं ऐकून घेतल्यावर विचारलं, "माफ केलं का त्यांनी?"

"तसं काही म्हणाल्या नाहीत."

"तुम्ही माफी मागितलीत?"

"नाही. धीरच झाला नाही."

पडदे आठवडाभर तसेच घडी घालून पडले होते. मग एका सकाळी तिने ते लावले आणि दोघं निघाली. तिने खूप गावं पाहिली, त्यांनीही पाहिली, आणि बऱ्याच ठिकाणी दोघं मनापासून हसलीही. पण गाडीचं कौतुक करायला कुणी आलं, की घड्याळजी बांधणाऱ्या वेल्डरबद्दल भरभरून सांगत. आणि ही तुमच्यापर्यंत आली कशी, असं कुणी विचारलं, की त्यांच्या तोंडाला कुलूप लागे. ते उत्तर बायको देई, दर वेळी खरं, आणि ते मान खाली घालून ऐकत.