तांदळाच्या घराला बाण नव्हता

“पिवळ्या घराईतच मुलींचे आकडे भरजो, जागृती. बाकीच्या घराले हात लावू नको.” वर्ध्याच्या मुलींच्या वसतिगृहातून बदली होऊन जाताना सरितामॅडम आपल्या जागी आलेल्या जागृतीला हे सांगून गेल्या. तो आवाज मला अजून आठवतो.

मित्रांनो, मी तिथल्या ऑफिसच्या संगणकातला एक जुना तक्ता आहे. सरितामॅडमनी सूत्रं घालून मला घडवलं. माझी घरं, म्हणजे आकड्यांच्या चौकटी, एकमेकांच्या आधारानं चालतात. जेवणाऱ्या मुली किती आणि उपवासाच्या किती, एवढंच मला सांगा. तांदूळ, डाळ, साबुदाणा मी आपोआप काढून देतो. आठ वर्षं एकही मूल अर्धपोटी उठलं नाही.

श्रावणातला पहिला सोमवार आला. ऐनवेळी आणखी वीस मुलींनी उपवास धरला. जागृतीचं लग्न नवीन, तिला शिवामूठ वाहायला देवळात जायचं होतं. घाईत तिनं पिवळी घरं सोडली आणि तांदळाच्या घरातच आकडा कमी करून ‘सहा किलो’ लिहून टाकलं. तिथलं माझं सूत्र पुसलं गेलं.

मंगळवारी एकशे वीस मुली जेवणार होत्या. डाळ वाढली, तांदूळ सहा किलोवरच राहिला. जागृतीनं तसंच वाचून सांगितलं.

“एवढ्यात होते का वं?” स्वयंपाक करणाऱ्या वच्छलाबाईंनी विचारलं.

“तक्ता सांगून राह्यला ना, मावशी.”

निम्म्या मुलींना भात मिळाला नाही. वॉर्डन रुचिकामॅडमनी मला उघडूनही पाहिलं नाही. भर पंगतीत त्या वच्छलाबाईंना म्हणाल्या, “तक्ता चुकत नाही. तुम्हालाच आता ऐकू येत नाही. उद्यापासून दुसरी बाई बघते.”

दुपारी वच्छलाबाईंनी कोठीची चावी जागृतीच्या टेबलावर ठेवली. “वीस वर्षांत माप चुकलं नाई, पोरी. तू बारा किलो म्हटलं अन् मी सहा ऐकलं का?”

जागृतीनं मला उघडलं. कोणतं घर कोणावर विसंबून आहे, हे मी निळ्या बाणांनी दाखवतो. ते तिनं मागितले. पिवळ्या घरातून बाण डाळीकडे गेला, तेलाकडे गेला. तांदळाकडे एकही गेला नाही. तिला सोमवार आठवला.

“चूक माही हाय, मावशी. मी पंगतीतच सांगीन.”

“राहू दे वं. तुही नोकरी नवी हाय.”

“नाई. सांगीन म्हणजे सांगीन.”

मित्रांनो, मी हिशेबाला पक्का आहे, पण विचारल्याशिवाय बाण दाखवत नाही. एक आकडा बदलण्याआधी त्याच्यावर कोण विसंबलं आहे, ते पाहत जा. माणसाला बोल लावण्याआधी तर नक्कीच पाहा.

जागृतीनं माझं सूत्र परत लिहिलं. संध्याकाळच्या जेवणाची घंटा झाली. चावी उचलून तिनं पदर सावरला आणि ती जेवणघराकडे निघाली. रुचिकामॅडम तिथंच उभ्या होत्या.